वेवजीच्या अकरा चटया

राजीनामा लिहिला, पर्समध्ये टाकला आणि नवऱ्याला म्हटलं, "चला, कुठंतरी जाऊन येऊ." रविवारच्या शाळेचा राजीनामा हो, नोकरीचा नाही! नाशिकच्या आमच्या चर्चमध्ये मी एकोणीस वर्षं मुलांना गाणी आणि बायबलमधल्या गोष्टी शिकवतेय. एकेकाळी बारा मुलं होती. आता क्लास आणि क्रिकेट यांतून सुटून दोन येतात. मी पार कंटाळले होते, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात पाळकसाहेब म्हणाले, तलासरीजवळ वेवजीच्या प्रार्थनाघराला गीतपुस्तकं हवी आहेत. वर्गातली बाराही पुस्तकं पिशवीत भरली. पुस्तकंच गेली की वर्ग आपोआप बंद.

त्र्यंबक, जव्हार, कासा करत डहाणू. स्वतःची गाडी असेल तर पाच तास धरा, आणि जव्हारच्या वळणांसाठी उलटीची गोळी विसरू नका. मुक्काम नरपडला, एका चिकूच्या वाडीत. खोली साधी पण स्वच्छ, जेवण घरचं. ताजे बोंबील आणि तांदळाची भाकरी हाणून आमचे दिलीपराव सुरूच्या झाडांखाली जे आडवे झाले, ते सूर्य बुडताना उठले. परतीला चिकू घेणार असाल तर कडक बघून घ्या, घरी जाईपर्यंत पिकतात.

रविवारी सकाळी तलासरीला निघालो. नाक्यावर गरम गाठिया आणि चहा मिळतो, तो चुकवू नका. "बेसो ने, मॅडम, आत्ताच काढलेत," म्हणत दुकानदाराने बाकडं पुसून दिलं. तिथून गुजरातच्या अंगाला वेवजी. प्रार्थनाघर पाड्याच्या टोकाला आहे. कुडाच्या भिंती, वर पत्रा.

आत देवजीकाका चटया अंथरत होते. सत्तरी ओलांडलेला वारली म्हातारा, जन्मभर मजुरी केलेला. लाल, हिरव्या, फाटक्या, एकूण अकरा चटया. म्हटलं, वा, गर्दी असते की! मी पुढच्या चटईवर टेकले.

"तठं नको, बाय," काका हळूच म्हणाले. "ती सोमीच्या घरची. तू माझ्या चटईवर बस."

घंटा झाली. आले कोण? काकी. बस! बाकीची दहा घरं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली, ती पाऊस तोंडावर आल्यावर परतणार. जाताना प्रत्येक घर आपली चटई इथं ठेवून जातं आणि काका दर रविवारी सगळ्या अंथरतात. काकांनी बोट ठेवून, अडखळत बायबल वाचलं. पन्नाशीनंतर अक्षरं शिकले म्हणे. मग दहा घरांची नावं घेऊन प्रार्थना केली, एकही न गाळता.

माझ्याच्याने राहवेना. "काका, कुणी येणार नाही हे माहीत असून सगळ्या कशाला अंथरता?"

"लखमा सात वरसं नाय आला," काका म्हणाले. "दारूत पडलेला. गेल्या नाताळाला भट्टीवरनं सुट्टी काढून आला, दारात उभा राहिला. चटई अंथरलेलीच होती. बसला."

"आणि आला नसता तर?"

"तर गुंडाळून ठेवली असती. पुढल्या रविवारी पुन्हा अंथरली असती. त्यात काय?"

मी पुस्तकं पुढे केली. काकांनी पानं उलटली. आत पेन्सिलीने लिहिलेली नावं दिसली. जेनिफर, आशिष, रूथ...

"ही पोरं कशातून गातात मग?"

"येत नाहीत आता."

काकांनी सहा पुस्तकं ठेवली, सहा परत माझ्या मांडीवर ठेवली. "आमाला एवढी पुरं. पोरं आली तर त्यांना नकोत का?"

मला रडूच फुटलं. काकीने नाचणीची भाकरी आणि उडदाची आमटी वाढली. इतकं गोड जेवण कित्येक दिवसांत जेवले नव्हते. देवा, तुझे आभार, मला इथवर आणलंस म्हणून.

घरी आल्यावर राजीनामा फाडला, चिकूच्या सालींबरोबर कचऱ्यात गेला. डहाणूला तुम्ही समुद्रासाठी जाल, जरूर जा. जमलं तर एक रविवार वेवजीसाठी राखा.

परवाच्या रविवारी मी बारा खुर्च्या मांडल्या, सहा खुर्च्यांवर पुस्तकं ठेवली. मुलं आली दोनच. त्यातली छोटी सारा पुढच्या खुर्चीवर चढायला लागली.

"तिथं नको, बाळा," मी म्हटलं. "ती जेनिफरची."