जाऊबाईंच्या कापसातला कचरा

माझा स्वभाव तापट. माझ्या जिभेला हाड नाही, असं माहेरीही म्हणायचे. सासरी आल्यापासून तीस वर्षं थोरल्या जाऊबाईंशी माझं रोज काहीतरी वाजायचं. कधी चुलीवरून, कधी शेण कुणी काढायचं यावरून. दोन वर्षांपूर्वी मालक वैतागून म्हणाले, "आता एकदा जरी दोघींचं वाजलं ना, तर चूल वेगळी करतो." मला धस्स झालं. कितीही भांडले तरी जाऊबाईंशिवाय त्या घरात राहण्याची मला कल्पनाच करवत नव्हती. हे मात्र जाऊबाईंना मी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

अंगणवाडीच्या बाईंना हे सांगितलं, तर त्या मला गावातल्या बुद्धविहारात घेऊन गेल्या. आमच्या घरातलं कुणी आजवर तिथली पायरी चढलं नव्हतं. दर रविवारी जाफराबादहून जीपनं एक भंतेजी यायचे. ते म्हणाले, राग आला की त्याच्यामागं धावू नका, त्याला दाबूही नका. श्वासाकडं लक्ष द्या आणि राग आलाय एवढं ओळखा. डोळे मिटून बसलंच पाहिजे असं नाही. झाडताना, भाकरी थापताना, कापूस वेचतानाही हे करता येतं.

मला ते जमलं, अगदी झकास जमलं. जाऊबाई काही टोचून बोलल्या की मी नाकातून येणाऱ्या-जाणाऱ्या वाऱ्यावर ध्यान ठेवायची. कानशिलं तापायची आणि थोड्या वेळानं निवायची. महिनाभर घरात एकही भांडण झालं नाही. शेजारणी कौतुक करायला लागल्या आणि मी मनातल्या मनात फुलून गेले.

दिवाळीनंतर कापसाची वेचणी आली. आम्ही दोघी कमरेला ओटी बांधून शेजारशेजारच्या ओळी धरायचो. पहिल्याच दिवशी बघते तर जाऊबाईंच्या ओटीत कापूस कमी आणि वाळल्या पानांचा चुरा, काड्या जास्त. पांढराशुभ्र कापूस कसा वेचायचा, हे मला याच बाईनं हातावर चापट्या मारून शिकवलं होतं. त्या मुद्दाम करताहेत, माझ्या डोक्याला ताप द्यायला, अशी माझी खात्रीच झाली. एरवी मी सगळं शिवार डोक्यावर घेतलं असतं. पण मी राग दाबला नाही की त्याच्यामागं धावलेही नाही, नुसता श्वास पाहिला. संध्याकाळी तो कचरा मुकाट्यानं निवडत बसले. असे आठ दिवस गेले. मध्ये एकदा त्या म्हणाल्या, "ऊन लई चमकून राह्यलं, न्हाई का गं?" मी उत्तर दिलं नाही. माझं ध्यान चाललं होतं.

नवव्या दिवशी वाळक्या बोंडाचं टोक माझ्या बोटात घुसलं. शिकवल्याप्रमाणं मी ते दुखणं बघत उभी राहिले आणि बघता बघता नजर शेजारच्या ओळीत जाऊबाईंच्या हातांवर गेली. त्यांची सगळी बोटं टोचून लाल झाली होती. त्या बोंडाकडं बघत नव्हत्या, चाचपत होत्या. हात झाडावरून फिरायचा, मऊ लागलं की ओढायचा. सोबत पानंही यायची.

आठ दिवस मी माझा राग निरखत बसले होते. शेजारच्या बाईला दिसत नाही, एवढं काही मला दिसलं नव्हतं.

"बाई, दिसत न्हाई का तुम्हाला?"

त्यांचा हात थांबला. "पोळ्यापासून धुरकट दिसून राह्यलं. उजव्यानं तर बिलकुल न्हाई."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"कुणाला सांगू? माणसं म्हणतील, घरी बस. आन तुला सांगावं तर तू नाकातल्या वाऱ्याकडं ध्यान लावून राह्यली." त्या पुन्हा बोंडं चाचपायला लागल्या. "भांडत होतीस तवा निदान माझ्याकडं बघत तरी होतीस. मला वाटलं, हिनं मला मनातून काढून टाकलं."

मी ओळीतच खाली बसले. रडू आवरेना. तीस वर्षांत जे बोलले नव्हते ते तसंच रडत रडत बोलले. "तुमच्याबिगर मला त्या घरात करमायचं न्हाई, बाई."

त्या चाचपत माझ्याजवळ आल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग मी नाक पुसून म्हणाले, "उद्या सकाळच्या एसटीनं जालन्याला जायचं. डोळ्याच्या डॉक्टरकडं."

"भर वेचणीत? बिलकुल यायची न्हाई मी."

"कशा येत न्हाईत तेच बघते!"

"लई शहाणी झालीस का गं?" त्यांनी आवाज चढवला. मीही चढवला. श्वासाकडं बघायची की मालकांच्या धमकीची मला आठवणसुद्धा झाली नाही. भर शेतात आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि सकाळी दोघी एसटीत शेजारीशेजारी बसलो.