दुसऱ्याचं दप्तर मांडीवर

आमचे हे शाळेची व्हॅन चालवतात. घरी तोंड उघडायचं म्हणजे यांच्या जिवावर येतं. मी तासभर बोलले की एक ‘हं’ पदरात पडतो. पण व्हॅनमध्ये हाच माणूस पोरांशी असा गप्पा मारतो, की ऐकणाऱ्याला वाटावं, याची बायको किती सुखी असेल!

शाळेचं नवीन वर्ष सुरू झालं की पोरं गाडीत घुम्यासारखी बसतात. त्यावर यांचा एक नियम आहे. आपलं दप्तर आपल्या मांडीवर घ्यायचं नाही, शेजारच्याचं घ्यायचं. उतरताना ज्याचं त्याला नावानं हाक मारून द्यायचं. नाव माहीत नसेल तर झक मारत विचारावं लागतं. चार दिवसांत गाडीचा मासळीबाजार होतो.

यंदा पहिलीतली एक चिमणी आली. तिनं दप्तर पोटाशी धरलं ते सोडेचना. कुणाचं घेईना, आपलं देईना, नुसती मुसमुसत बसायची. शेजारी बसणाऱ्या पोरीला हे फटफटी म्हणतात. ती झोपेतही बडबडत असेल, पण तिनंसुद्धा हात टेकले. पोरं चिमणीला वगळूनच खेळायला लागली. शेवटी तिची आई यांना म्हणाली, “काका, शनिवारपर्यंत रडणं थांबलं नाही तर मीच तिला स्कूटरवरून सोडत जाईन.”

त्या दिवशी जेवताना हे चक्क आपणहून बोलले, “पोरगी एकटी पडेल गं.” मी हातातला घास ताटात ठेवला. म्हटलं, “आपलं देत नाही ना? मग तुमचं काहीतरी द्या तिला सांभाळायला.”

दुसऱ्या दिवसापासून यांनी तिच्याकडे आपला जेवणाचा डबा द्यायला सुरुवात केली. “नीट धर हं. शाळा आली की परत दे.” चिमणीनं तो दप्तरावर ठेवून दोन्ही हातांनी घट्ट धरला. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून की काय, रडणंही जरा कमी झालं.

शुक्रवारी मात्र ती डबा घेऊनच वर्गात गेली. यांच्या लक्षात येईपर्यंत फाटक बंद झालं होतं.

मधल्या सुट्टीत चिमणीच्या लक्षात आलं, की डबा आपल्याकडेच राहिलाय. ती थेट फटफटीपाशी गेली आणि पहिल्यांदाच तिच्याशी बोलली, “काकांचा डबा राहिला.” दोघी फाटकाकडे पळाल्या, पण गाडी तिथे कुठली असायला! फटफटीनं निकाल दिला, “संध्याकाळपर्यंत आंबेल. खाऊन टाकू.” दोघींनी डबा चाटूनपुसून साफ केला.

शाळा सुटली तेव्हा यांच्या पोटात कावळे ओरडत होते. दोघी हात धरून आल्या. डबा दोन्ही हातांनी द्यायचा, म्हणून चिमणीनं पाठीवरचं दप्तर काढून फटफटीच्या हातात कोंबलं. मग मान खाली घालून म्हणाली, “काका, आम्ही खाल्लं. पण भाजीत मीठ नव्हतं.”

घरी येऊन हे मला सगळं सांगत सुटले. लग्न ठरलं तेव्हाही इतके बोलले नव्हते. ऐकताना मला इतका आनंद झाला, की डोळे भरून आले. मग एकदम लक्षात आलं आणि मी फणकारले, “मीठ नव्हतं? म्हणजे इतकी वर्षं तुम्ही...”

“हं,” हे म्हणाले.

शनिवारी तिची आई स्कूटर काढून तयार होती. चिमणी तिला टाटा करून गाडीत चढली, फटफटीचं दप्तर मांडीवर ओढलं आणि म्हणाली, “काका, डबा?”

यांनी दिला. मीठ मी चाखून घातलं होतं, आणि भाजी तिघांना पुरेल इतकी होती.