पाव गोळी आणि गाडीची चावी

माझं पोट लग्नाच्या आधीपासून बिघडलेलं आहे. बायकोला ते लग्नानंतर कळलं आणि त्यावरून तिनं मला चाळीस वर्षं ऐकवलं. जेवण झालं की पोटात गुरगुर सुरू व्हायची. ती चुलीपुढून विचारायची, "बोललात का काही?"

"मी न्हाई, पोट बोललं."

"मग त्यालाच इचारते, अजून भाकरी पायजे का म्हणून."

ती गेली त्याला तीन वर्षं झाली. पोट राहिलं. त्याला विचारणारं माणूस गेलं.

ती गेल्यावर छातीत धडधड व्हायला लागली, घास उतरेना, तेव्हा डॉक्टरनं एक बारकी पांढरी गोळी दिली. पंधरा दिवसांसाठी दिली होती, असं आता सगळे म्हणतात. मला कोणी बंद कर म्हणालं नाही, मीही विचारलं नाही. रिकामं पाकीट मेडिकलमध्ये दाखवायचं, भरलेलं आणायचं. सकाळी एक, संध्याकाळी एक.

धडधड थांबली, पण त्याबरोबर मीही थांबल्यासारखा झालो. मागच्या उन्हाळ्यात मोपेडवरून सुप्याला निघालो होतो. भर दुपारी, गाडी चालवता चालवता, मला झोप लागली. जाग आली तेव्हा मी शेजाऱ्याच्या रानात कांद्याच्या ढिगावर बसलो होतो आणि गाडी पलीकडं आडवी पडून चाक फिरवत होती. कांदा भरणाऱ्या बायांना वाटलं, म्हातारा कांदे बघायला आलाय. एकीनं विचारलंसुद्धा, "किती गोण्या घेता, बाबा?"

माझी सून कमी बोलते. त्या दिवशी तिनं गाडीची चावी माझ्या खिशातून काढली आणि आपल्या मंगळसूत्राच्या पिनेला अडकवली.

"मामा, गोळी सुटंल तवा चावी सुटंल."

मुलगा सुप्याच्या कंपनीत कामाला. त्याच्याकडं तक्रार केली तर तो म्हणाला, "दादा, घरात माझीबी चावी तिच्याकडंच हाय."

त्या गाडीवर मागं बसून बायको दर बाजाराला यायची. आता मी अंगणात बाजेवर बसून गाडीकडं बघायचो आणि गाडी माझ्याकडं. शेवटी सून मला नगरला एका डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. त्या म्हणाल्या, "आजोबा, एकदम बंद करायची नाही. मी सांगेन तशी पाव-पाव कमी करायची. काही त्रास झाला तर फोन करा."

मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं? घरी आलो आणि पाकीट उकिरड्यावर फेकलं. मी चौथी शिकलेला माणूस, पावकीचं गणित कोण करणार? तंबाखू मी एका दिवसात सोडली होती. तीनदा सोडली होती, पण दर वेळी एका दिवसातच.

तिसऱ्या दिवशी हात असे थरथरायला लागले की बशीतला चहा मिशांना लागला, तोंडाला नाही. दरदरून घाम आणि पोटात नुसता घुसळा. मी म्हणालो पोट बिघडलं. सूनही म्हणाली पोटच. मग शेजारची म्हातारी आली. बायकोची मैत्रीण, म्हणून मला दाजी म्हणते. तिनं अंगठ्यानं पोट दाबलं आणि निकाल दिला, "बेंबी सरकली."

सरकलेली बेंबी जागेवर आणायचा आमच्याकडचा इलाज म्हणजे तांब्या. मला पडवीत बाजेवर उताणं पाडलं, बेंबीवर कणकेचा दिवा ठेवला, पेटवला आणि वरून पितळी तांब्या पालथा घातला. दिवा आत विझला आणि तांब्यानं पोट असं ओढलं की लग्नापासूनची सगळी जेवणं मला आठवली. इथवर ठीक होतं. पण तांब्या निघेना. म्हातारीनं बाजेला पाय लावून ओढलं.

"दाजी, पोट ढिलं सोडा की!"

"ते माझं ऐकत असतं तर तुला कशाला बोलावली असती?"

सुनेनं घाबरून डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. फोनमधून आवाज आला, "त्यांनी गोळी बंद केली का?"

"न्हाई," मी खालून म्हणालो. पोटावरचा तांब्या डुगडुगला.

सुनेनं तांब्याकडं बघितलं. "मामा?"

"केली."

"एकदम?"

"एकदमच."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे पोट नाही, गोळी एकदम सोडल्याचा त्रास आहे. आत्ता पहिल्यासारखी द्या आणि उद्या त्यांना घेऊन या. अन् तिकडं कोण ओरडतंय?"

"शेजारच्या आजी. तांब्या ओढत्यात."

"कसला तांब्या?"

"उद्या दाखवते," सून म्हणाली.

मेडिकलमधून नवं पाकीट आलं. तांब्या निघाला, पण पोटावर त्याचं काळंनिळं कडं आठ दिवस राहिलं. डॉक्टरीणबाईंनी ते बराच वेळ बघितलं आणि कागदावर काहीच लिहिलं नाही.

मग पावकीचं गणित सुरू झालं. सुरीनं गोळी तोडली की एक तुकडा पावाचा, एक अर्ध्याचा आणि बाकी पीठ. एक तुकडा उडून अंगणात गेला, तो कोंबडीनं टिपला. ती त्या दिवशी दुपारीच खुराड्यात जाऊन बसली.

दिवाळीपर्यंत मी निम्म्यावर आलो. चावी आता लांब नाही म्हणून गाडी पुसायला घेतली. गाडीच्या बाजूला पाने-पकड ठेवायचा डबा आहे, त्याचं झाकण गंजून बसलेलं. मी तो कधी उघडतच नसे. रॉकेल लावून उघडला, तर आत बायकोची चंची. ती गेल्यावर ही पानाची पिशवी आम्ही घरभर शोधली होती. चंचीत चुन्याची डबी, अडकित्ता आणि अर्धी सुपारी. अर्धी तिनं बाजाराला जाताना खाल्ली असणार, अर्धी परतीच्या वाटेला ठेवलेली.

त्या दिवशी मी तुकडा नाही, अख्खी गोळी गिळली.

सुनेनं उठवलं तेव्हा माझं डोकं गाडीच्या सीटवर होतं आणि सीटची शिवण गालावर उमटली होती. मला वाटलं, झालं, चावी गेली कायमची. ती खाली बसली आणि तिनं चंची हातात घेतली.

"आत्याबाईंची?"

"व्हय."

तिनं चंचीतून अडकित्ता बाहेर काढला. मग म्हणाली, "डॉक्टरबाईंना मी सांगते. त्या म्हणतील तिथनं परत सुरू करू. आन् मामा, ह्या अडकित्त्यानं कापत जा. सुरीनं आपली कोंबडी जायची एखाद्या दिवशी."

अडकित्ता राखेनं घासला, धुतला. तो सुपारीइतकाच गोळीवरही सरळ चालला. निम्मीची पाव झाली, पावाची त्याहून निम्मी. मधेच पोट बिघडायचं आणि मला कळायचं नाही, हे गोळीचं का वांग्याचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लिहून ठेवा. मग नातीच्या जुन्या वहीत लिहायला लागलो. "सोमवार. वांगं खाल्लं. गुरगुर. हात ठीक." "मंगळवार. वांगं नाही. तरी गुरगुर." निम्मी वही पोटानंच भरली.

गोळी संपून महिना झाला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गाडीला परवानगी दिली. सुनेनं पिनेची चावी काढली, पण हातात देताना म्हणाली, "आज मी मागं बसणार. डुलकी लागली तर कळंल."

तिसऱ्या झटक्याला गाडी चालू झाली. सून मागं बसली. मी निघेना.

"मामा, काय झालं?"

"खांद्यावर दोन थापा मार."

"कशाला?"

"त्याबिगर गाडी निघत न्हाई."

सासऱ्याच्या खांद्याला हात कसा लावायचा म्हणून ती जरा अडखळली. मग हळूच दोन थापा पडल्या. बायकोच्या थापा म्हणजे मळणी असायची, पण या चालल्या. मी निघालो.

कांद्याच्या रानापाशी बायांनी ओळखलं. "बाबा, यंदा किती गोण्या?" मी हात केला. पुढं गतिरोधकावर गाडी आपटली आणि खालून मोठी गुरगुर आली.

"मामा," सून मागून म्हणाली, "गाडी बोलली का पोट?"

"पोट."

"मग चालू द्या."