सोवळ्याचं समीकरण

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन पुण्याहून बनारसला, रामघाटावरच्या घरात आले आणि इथल्याच विद्यापीठात पीएच.डी.ला नाव घातलं. विषय असा: अणुभट्टीच्या नळ्यांत आतून किरणोत्सर्गी गंजाचा थर बसतो, तो आम्लानं किती वेळात धुऊन निघेल याचं गणित. निव्वळ गणित हो. आम्लाचा थेंब मी कधी पाहिला नाही. एका खोलीत एक खटारा कॉम्प्युटर आणि मी.

पण हे सासूबाईंना कोण पटवणार? घर वेदपाठ्यांचं, सोवळं कडक. सुनेच्या विषयात काहीतरी किरणोत्सर्गी आहे एवढंच त्यांच्या कानावर गेलं आणि फर्मान निघालं: घरी आल्यावर आधी आंघोळ, मगच स्वयंपाकघर. बंबातलं पाणी सकाळीच संपलेलं, म्हणजे आंघोळ गार पाण्यानं. बनारसची जानेवारीतली थंडी ज्यानं सोसली नाही त्याला काय सांगू. मला नुसता घोटभर चहा हवा असायचा आणि मी न्हाणीत दात वाजवत उभी. डोकं सणकायचं माझं.

शेवटी एकदा आलेखाचा कागद घेऊन त्यांच्यापुढे बसले. म्हटलं, बघा, प्रत्येक धुण्यात उरलेल्यातलं बरंचसं निघून जातं, ही रेघ खाली खाली येते. मी नुसते कपडे बदलले तरी पुष्कळ. त्यांनी चष्मा लावून रेघ नीट पाहिली.

"ही खाली टेकते कुठे?"

"टेकत नाही. अगदी जवळ जाते."

"म्हणजे पूरं कधीच जात नाही?"

मी म्हटलं, नाही जात. गणितात खोटं कसं बोलणार? त्या दिवसापासून मला लागोपाठ दोन आंघोळी लागल्या. नवरा हसून हसून लोळला, मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

तोंडी परीक्षा नेमकी जानेवारीतच आली. पास झाले. घरी पोचले तर सासूबाई सोवळ्यात, नैवेद्याचं करत होत्या. दारातूनच सांगितलं, आई, झालं, आणि सवयीनं न्हाणीकडे वळले. त्या हातातला झारा ठेवून आल्या आणि भर सोवळ्यात मला कवटाळलं.

"अहो आई, माझी आंघोळ व्हायचीय."

"मालूम आहे मला. गप उभी राहा."

मला रडूच फुटलं. पुष्कळ वेळानं त्यांनी मला सोडलं. मग त्या न्हाणीत गेल्या आणि गार पाण्यानं न्हाल्या, माझ्या हिशोबाप्रमाणे दोनदा.