सगळ्यांनी टाकी ऐकली

रेडिओताईंचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर त्या लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतात. गुरुवारी संध्याकाळी मात्र दुकान बहिणीच्या गळ्यात टाकतात आणि भावाच्या गाद्यांच्या दुकानावरची खोली गाठतात. ती खोली म्हणजे त्यांचं रेडिओ केंद्र. बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून चारही भिंतींना न खपलेल्या गाद्या उभ्या केल्या आहेत. जाहिरात नाही. साहेब नाही. तासभर फक्त गाणी, आणि तीही अशांची, ज्यांना शेजारीसुद्धा गायक म्हणून ओळखत नाहीत.

ताईंना स्वतःला सूर नावाला नाही. त्या गुणगुणायला लागल्या की बहीण म्हणते, "ताई, गिऱ्हाईक दारात आहे, जरा दया कर." पण कान तल्लख. ऐकलेलं गाणं त्या कानाकोपऱ्यासकट लक्षात ठेवतात.

त्यांचे दोन हट्ट आहेत. आलेलं गाणं त्या आधी ऐकत नाहीत, श्रोत्यांबरोबरच पहिल्यांदा ऐकतात. आणि एकदा लागलेलं गाणं मध्ये तोडत नाहीत.

"वहिनी, कधीतरी चाखून वाढा," बटणं सांभाळणारे धाकटे दीर म्हणतात.

"लोकांना उष्टं वाढू का, भाऊजी?"

विषय संपतो.

त्या गुरुवारी एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांचं गाणं लागलं. घरी फोनवर रेकॉर्ड करून पाठवलेलं. सोबत दोनच वाक्यं होती. बरीच वर्षं गातो. घराबाहेर कुणाला ऐकवलेलं नाही.

वाद्य नव्हतं. नुसता आवाज, जाड आणि उबदार. शब्द त्यांचेच. 'अजून थोडं ऊन आहे.' ताईंनी डोळे मिटले. तेवढ्यात गाण्यात दार आपटलं आणि एक बाई कडाडली, "अहो! टाकी भरून वाहतेय! कान आहेत की बटाटे?"

दिरांचा हात बटणाकडे धावला. ताईंनी त्यावर चापटी मारली. गाणं शेवटपर्यंत वाजलं.

मग ताई माइकवर सुटल्या. "ऐकलंत? एकीकडे गाणं, दुसरीकडे संसार! काय धाडसी रचना आहे! आणि ती बाई! काय नेमक्या जागी येते!"

फोन खणखणू लागले. सगळ्यांना टाकीचं गाणं पुन्हा हवं होतं. ताईंनी ते पुन्हा लावलं.

"वहिनी," जिना उतरताना दीर हळूच म्हणाले, "ती रचना नाही वाटत मला. बायको वाटते."

"तुम्ही बटणं सांभाळा."

काही दिवसांनी दुकानात एक बाई आल्या आणि सरळ तपासणीच्या खुर्चीत बसल्या. ताईंनी भिंतीकडे बोट दाखवलं. "वरची ओळ वाचा."

"ओळ राहू द्या. मला ओळखलंत का?"

आवाज ऐकताच ताईंच्या हातातली काच हातातच राहिली.

"मीच ती टाकीवाली," बाई म्हणाल्या. "माझं हसं झालं त्याचं काही नाही. भाजीवाला विचारतो टाकी भरली का, मी म्हणते तुझ्या डोक्यावर ओतू का. पण हे मुके झालेत हो. कामावरचे सगळे चिडवतात. फोनमधलं गाणं पुसून टाकलं त्यांनी. इतकी वर्षं गाऊन माझं डोकं खाल्लं. आता गात नाहीत, तर घर खायला उठतंय."

ताईंचं तोंड उतरलं. आपल्या कार्यक्रमात आलेल्याचं कधी हसं होऊ नये, एवढी एकच गोष्ट त्या जपत आल्या होत्या. आणि इथे तर त्यांनीच टाळ्या पिटल्या होत्या. माणूस कायमचा गप्प झाला, तर ते पाप कुणाच्या माथी?

"कुठे आहेत ते?"

पोस्टामागच्या उंच इमारतीत लिफ्ट बंद पडली होती. ताई तळमजल्यावर पोहोचल्या. जुन्या जाळीच्या लिफ्टचं दार उघडं, डबा पार वर टोकाला, समोर आडवी पट्टी बांधलेली. खाली खड्ड्यात दिव्याच्या उजेडात एक टक्कल दिसत होतं.

"अहो, मी रेडिओवाली!"

टक्कल हललं नाही. "लिफ्ट बंद आहे."

"मी चुकले. मला ती रचना वाटली."

"सगळ्यांनाच वाटली." खालून पाना आपटल्याचा आवाज आला. "सगळ्यांनी टाकी ऐकली, बाई. गाणं कुणी ऐकलं नाही."

"मी ऐकलं."

"हो ना? मग टाकीनंतर काय झालं, सांगा."

ताई क्षणभरही थांबल्या नाहीत. "तुम्ही थांबलाच नाहीत. त्या ओरडत होत्या तेव्हा तुम्ही 'ऊन'वर होतात. तसेच राहिलात. त्यांचं बोलणं संपेपर्यंत श्वास घेतला नाहीत. आणि मग सूर असा खाली आणलात, झोपलेलं मूल गादीवर ठेवावं तसा."

खालचा दिवा वर वळला.

"कसा?" खालून प्रश्न आला. आवाज बदलला होता.

आता सांगून भागणार नव्हतं. ताईंनी पदर खोचला, पट्टीवरून वाकल्या आणि गायल्या. तो सूर वर निघाला, प्रत्येक मजल्यावर आपटला आणि दुप्पट बेसूर होऊन परत आला. वर दारं उघडली. "कोणी अडकलंय का लिफ्टमध्ये?" कुणीतरी घाबरून विचारलं.

"अहो, थांबा, थांबा!" खालून गृहस्थ कळवळले. "असं नाही! किती वर चढलात! हे असं."

आणि त्यांनी गाऊन दाखवलं.

एकच ओळ दाखवायची होती. पण लिफ्टच्या त्या उभ्या पोकळीत आवाज असा काही भरला, की त्यांना स्वतःलाच सोडवेना. दुसरी ओळ आली. मग तिसरी. वर मजल्यामजल्यावर माणसं उभी राहिली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी हातातली पिशवी खाली ठेवली. एका सुनेने सासूला खुर्ची आणून दिली. 'ऊन' आलं, लांबलं, लांबत राहिलं. या वेळी मध्ये कुणी बोललं नाही.

गाणं संपलं तेव्हा वरून कुणीतरी ओरडलं, "लिफ्ट कधी चालू होणार?"

"गप्प बस रे!" दुसऱ्या मजल्यावरून दटावणी आली. "अहो मेस्त्री, आणखी एक होऊ द्या!"

गृहस्थ शिडी चढून वर आले. हात ग्रीसने काळे, चेहरा लाल. त्यांनी वर पाहिलं. मजल्यामजल्यावरून तोंडं खाली डोकावत होती. मग त्यांनी ताईंकडे पाहिलं.

"गुरुवारी येतो," ते म्हणाले. "समोर बसून गाईन. पण एक अट आहे."

"बोला ना!"

"तुम्ही नाही गायचं."