गुळाचं कॉन्ट्रॅक्ट

बोरी अरबजवळच्या आमच्या तांड्यात संजय राठोड काय काम करतो, हे त्याच्या बापालाही धड सांगता येत नाही. रामधनकाका सांगतात, "पोरगा करार लिहिते, पन वकील नाही." मी शेजारी, म्हणून मला जरा जास्त कळतं. 'अमुक झालं तर तमुक कर' अशा ओळी सॉलिडिटी नावाच्या भाषेत लिहायच्या आणि ब्लॉकचेनवर, म्हणजे असंख्य संगणकांवर मिळून ठेवलेल्या वहीत, चढवायच्या. एकदा चढवल्या की लिहिणाऱ्यालाही खोडता येत नाहीत. म्हणून शहाणे लोक नाव-पत्ता बदलायला आधीच एक फट ठेवतात. कंपनीच्या कामात संजय ती न चुकता ठेवतो. स्वतःच्या कामात नाही ठेवली.

पाच वर्षांपूर्वी यवतमाळच्या क्लासमध्ये तो आणि दारव्ह्याची वैष्णवी एका बाकावर बसून ही भाषा शिकले. शेवटच्या दिवशी सरावासाठीच्या ब्लॉकचेन नेटवर्कवर संजयने असंच एक कॉन्ट्रॅक्ट चढवलं. नाव दिलं 'गोळ', म्हणजे आमच्या बोलीत गूळ. आमच्यात सोयरीक ठरली की पंचांसमोर गूळ खातात, मग शब्द फिरत नाही. कॉन्ट्रॅक्टमध्ये दोन खाती, एक त्याचं, एक तिचं. दोघांनी सही केली की सोयरीक पक्की. त्याने तिथंच सही केली. वैष्णवी हसून म्हणाली, "मी घरी जाऊन करीन."

खातं बदलायची सोय त्याने मुद्दाम ठेवली नाही. गूळ खाल्ल्यावर नाव कोण बदलतं?

तेव्हापासून रोज सकाळी म्हशीचं दूध काढलं की तो मोबाइलवर स्वतः बनवलेलं पान उघडायचा. त्यावर दोनच ओळी. संजय: हो. वैष्णवी: सही बाकी. ती हैदराबादला नोकरीला गेली. याने फोन केला नाही. "तिची इच्छा असन तर करन सही. जबरदस्ती कायले?" म्हणायचा. आलेली दोन स्थळं परत गेली. त्याचं ते वाट पाहणं बघून मला वाईट वाटायचं, आणि रागही यायचा.

यंदा बातमी आली की ते सरावाचं नेटवर्क कायमचं बंद होणार. ऐकून रामधनकाका म्हणाले, "गूळ मांडून बसला, पन आवतन धाडलं का तिले?" आणि आत निघून गेले.

संजयने ओट्यावर, माझ्यासमोरच स्पीकरवर फोन लावला.

"वैष्णवी, ते गोळ बंद होऊन राह्यलं. एकदा इचारतो. सही काहून नाही केली?"

ती म्हणाली, "केलती. सात खेपा केलती. घरी गेली तं लॅपटॉप फॉर्मॅट झाला, खात्याची किल्ली त्यातच होती, जुनं खातं गेलं. नव्या खात्यातून केली तं तुझं कॉन्ट्रॅक्ट मले वापस लोटे. मले वाटलं, तू दार लावून घेतलं."

"मंग फोन काहून नाही केला?"

"तू काहून नाही केला?" ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "मागच्या वर्षी लग्न झालं माझं."

फोन ठेवून त्याने पहिल्यांदाच नेटवर्कची पूर्ण यादी उघडली. त्याच्या पानावर फक्त लागलेली सही दिसायची. परत गेलेल्या इथे होत्या, सात लाल ओळी. पहिली क्लास संपल्याच्या तिसऱ्या दिवशीची, शेवटची त्यानंतर दोन वर्षांनी. तो एकेका ओळीवर बोट ठेवत गेला.

रामधनकाका बाहेर आले. "काय म्हने पोरगी?"

"हो म्हने," संजय म्हणाला. "सात खेपा."

काका गुळाचा डबा काढायला आत वळले. संजयने त्यांचा हात धरला आणि त्यांना जवळ बसवलं.