वाघोबा खिंडीत क्लच घसरला तेव्हा

केळव्याला कसं जायचं, कुठे राहायचं, असं बऱ्याच वाचकांनी विचारलं आहे. सांगतो. पण माझी तिथली पहिली सहल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची, आणि ती काही आनंदाची झाली नाही. ते सांगितल्याशिवाय मला केळव्याबद्दल लिहिता येत नाही.

सहल ठरवली माझ्या थोरल्या भावाने. दादा तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. ठाण्यात त्याचा साच्यांचा छोटा कारखाना होता, पण जीव सगळा गाडीत. वकिलातीतल्या कुणा साहेबाने देश सोडताना विकलेली दोन दारांची जपानी टर्बो गाडी त्याने घेतली होती. घाटातल्या शर्यतींत तो ती पळवायचा. पुढच्याच महिन्यात एक शर्यत होती, नाव नोंदवून झालं होतं. आणि गाडीचा क्लच घसरत होता. आठ महिन्यांत दोनदा प्लेट बदलली, तरी तेच. मेकॅनिक नकली माल घालतात असं दादा म्हणायचा. मीही मान डोलवायचो.

"शहरात कळत नाही," तो म्हणाला. "लांब नेऊन बघू. केळव्याला जाऊ, दोन दिवस मासे खाऊ."

डिसेंबरातल्या एका शनिवारी पहाटे आम्ही दोघं निघालो. घोडबंदरवरून अहमदाबाद हायवे, मग मनोरला डावीकडे पालघरचा फाटा. आजही हाच रस्ता घ्या. तेव्हा हायवे अरुंद होता आणि ट्रकांच्या मागे तासन्‌तास रांगावं लागायचं. मनोरला चहा घेतला आणि गरम भजी खाल्ली. तोवर गाडी ठीक होती.

पालघरच्या आधी वाघोबा खिंडीचा चढ लागतो. दादाने तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडायला लागलं, इंजिनच्या फेऱ्यांचा काटा सर्रकन वर गेला, आणि गाडी मात्र हळू होत गेली. क्लच घसरतो म्हणजे हेच. इंजिन फिरतं, पण त्याची ताकद चाकांपर्यंत पोचत नाही. करपल्याचा वास आत आला. माणसांनी भरलेली एक जुनी एसटी धापा टाकत आम्हाला मागे टाकून गेली. दादाने ती वळणाआड जाईपर्यंत पाहिली.

वाघोबाच्या देवळापाशी गाडी थांबवली. डोक्यावर मोळी घेतलेल्या दोन बायका जवळून चालल्या होत्या.

"काय जलला?" एकीने विचारलं.

दादाने बॉनेट उघडलं. अर्ध्या तासाने प्लेट थंड झाल्यावर आम्ही खिंड चढलो आणि पालघर, मग तिथलं माहीम गाव (मुंबईतलं नव्हे) करत केळव्याला पोचलो.

माहीम-केळव्याचे पानमळे, त्यांतून जाणारा सावलीचा रस्ता, सुरूची बाग, वाळत घातलेल्या बोंबलांच्या काठ्या, हे सगळं बघण्यासारखं आहे. तेव्हा हॉटेलं फारशी नव्हती. आम्ही एका मावशींच्या घरी मागच्या खोलीत राहिलो. त्यांनी तांदळाची भाकरी आणि पापलेटचं कालवण वाढलं. मला ती चव आठवते. दादाने निम्मं ताट तसंच ठेवलं आणि तो तांब्याभर पाणी प्यायला, मग आणखी एक तांब्या. तहान त्याला हल्ली फार लागायची. उन्हात फिरतो म्हणून असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

सकाळी आम्ही अनवाणी समुद्रावर फिरून आलो. मावशींनी गाडीचं ऐकलं होतं. "बोईसरला जा," त्या म्हणाल्या. "मेहेर मिस्त्री हाय तिथं. आदी होड्यांची इंजनं करायचा. आता कारखान्यांच्या गाड्या बगतो."

उमरोळीवरून बोईसरला गेलो. कारखाने जवळ आले की नाकात आंबट, झोंबरा वास शिरतो. पहिली पाळी सुटली होती. सायकलींवरून हिंदीत बोलत कामगारांचे थवे चालले होते. मेहेर मिस्त्रींची शेड कुंभवलीच्या रस्त्यावर होती. साठीचे, काळेसावळे, शर्टाच्या खिशात चष्मा. गाडी बघून त्यांना कौतुक वाटलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही.

"सांगा शेट, कदी घसरतं? थंड असताना का तापल्यावर?"

"तापल्यावर. चढावर जास्त."

मिस्त्रींनी हँडब्रेक ओढला, चौथा गिअर टाकला, थोडी रेस देऊन क्लच सोडला. क्लच घट्ट असेल तर इंजिन तिथेच बंद पडायला हवं. पडलं. गाडी अर्धा तास उभी असल्याने प्लेट थंड होती. मग पेडल हाताने दाबून वरचं मोकळं अंतर पाहिलं. ते बरोबर होतं. गाडीखाली शिरून गिअरबॉक्सच्या तोंडाशी बोट फिरवलं. तेल गळत नव्हतं. मग स्वतः चालवायला बसले आणि आम्हाला घेऊन चिंचणीच्या रस्त्याने दहा-बारा किलोमीटर जाऊन आले. जोरात पळवली, मध्येच ॲक्सिलरेटर सोडला, पुन्हा दाबला. क्लच एकदाही घसरला नाही.

"आता तुमी चालवा," ते दादाला म्हणाले आणि शेजारी बसले. मी मागे.

दादा उत्तम चालवायचा. त्याचे हात बघत राहावेत असे. पाच-सहा किलोमीटर गेल्यावर तोच वास आला. दादाने ॲक्सिलरेटर दाबला, काटा उडाला, गाडी ओढेना.

मिस्त्री काट्याकडे पाहत नव्हते. ते दादाच्या पायांकडे पाहत होते.

"शेट, डावा पाय पेडलवरून खाली घ्या."

"खालीच आहे," दादा म्हणाला.

"नाय शेट. वर हाय."

"मी वीस वर्षं शर्यतींत गाडी चालवतोय. क्लचवर पाय ठेवून चालवणारा मी नाही." त्याचा आवाज चढला होता.

"गाडी बाजूला घ्या. आनि खाली बगा."

दादाने गाडी बाजूला घेतली आणि खाली पाहिलं. मीही मागून वाकून पाहिलं. त्याच्या बुटाचा पुढचा भाग पेडलवर टेकलेला होता. पेडल बोटभर दबलेलं होतं. तेवढ्याने प्लेट सुटत, घासत, जळत होती. दादा पायाकडे असा पाहत राहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

"बूट काडा," मिस्त्री चष्मा लावत म्हणाले.

मोजा तळव्याला चिकटला होता. रक्त वाळून काळं झालं होतं. शिंपल्याचा नखाएवढा तुकडा तळव्यात रुतून बसला होता. सकाळपासून तो त्यावर चालत होता.

"दुखत नाय?"

दादाने नकारार्थी मान हलवली.

मिस्त्रींनी चष्मा काढून खिशात ठेवला. "आमच्या बापाला असंच झालेलं. गळ पायात शिरला, तीन दिस पत्ता नाय. साकर होती अंगात. पालघरला डाक्टर हाय, आजच जा. प्लेट अजून चालंल. मी काय उगडत नाय."

पैसे घ्यायला त्यांनी नकार दिला.

पालघरच्या डॉक्टरांनी जखम धुतली, लघवी तपासली. साखर निघाली. मग त्यांनी दादाला डोळे मिटायला सांगितलं. "कापूस लागला की सांगा." दादा डोळे मिटून लक्ष देऊन वाट पाहत राहिला, लहान मुलासारखा. डॉक्टरांनी तळव्यावरून कापूस तीन-चारदा फिरवला आणि खाली ठेवला. दादा अजून वाट पाहत होता.

बाहेर आल्यावर त्याने किल्ली माझ्या हातात दिली. मिस्त्री सोडले तर ती गाडी त्याने आजवर कुणाला चालवू दिली नव्हती. खिंडीत मी भीत भीत ॲक्सिलरेटर दाबला. गाडी एका दमात चढली. मी दादाकडे पाहिलं नाही.

"ओढतेय ना?" त्याने विचारलं.

"ओढतेय."



पुढचं थोडक्यात सांगतो. जखम चिघळली, दोन बोटं गेली. शर्यत राहिली. गाडी वर्षभराने विकली. दादा त्यानंतर चौदा वर्षं जगला, कारखानाही चालवला, पण स्टिअरिंगवर पुन्हा बसला नाही. केळव्याला मी नंतर तीनदा गेलो. मिस्त्रींची शेड शेवटच्या खेपेला दिसली नाही. तुम्ही जाल तेव्हा थंडीत जा, माहीमवरून जा. समुद्रावर चपला घाला.

मी आठ महिने त्याच्या शेजारी बसून फिरलो होतो आणि रस्त्याकडे पाहत होतो. एका परक्या माणसाला जे अर्ध्या तासात दिसलं, ते मला दिसलं नाही. हे मनातून अजून जात नाही.

आणि त्या संध्याकाळचं घर आठवतं. वहिनी फाटकाशी आली. स्टिअरिंगवर मी बसलेला पाहून ती थबकली. मग दादाच्या पायाचं बँडेज तिला दिसलं.

"काय झालं? फार दुखतंय का?"

"नाही," दादा म्हणाला. "अजिबात दुखत नाही."

"मग बरं," ती म्हणाली, आणि त्याला आधार द्यायला तिने हात पुढे केला.